वळचणीखालचं रडणं

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवाच असं मी म्हणणार नाही. आमच्या पुतेओलीत, रोमच्या दक्षिणेकडच्या या बंदरात, भुतांच्या गोष्टी सांगणारे बंदरावरच्या माशांपेक्षा जास्त, आणि त्यातल्या निम्म्यांना भूत दिसतं ते तिसऱ्या पेल्यानंतर. मी पीत नाही. आणि माझ्या गोष्टीत रात्रही नाही.

जे घडलं ते भर दुपारी घडलं.

इजिप्तहून धान्याची जहाजं बंदराला लागली, तो दिवस. सगळी गल्ली बघायला पळाली होती. गल्लीच्या टोकाच्या घरात नोव्हेला एकटी मसूर निवडत बसली होती. तिचा नवरा व्हालेन्स खलाशी, पण त्याचं जहाज त्या खेपेत नव्हतं. थोरली बहीण मारुल्ला पाण्याला गेली होती. तान्ही रुफिना आतल्या खोलीत पाळण्यात होती.

घर अगदी शांत होतं.

तेवढ्यात शेजारची दामालिस दारात येऊन उभी राहिली. मासे खारवणारी बाई. हात कोपरापर्यंत मिठाचे आणि बोलणंही तसंच.

“कानात बोळे घातलेस का गं? पोर तिकडे बोंबलून काळीनिळी झाली. माझ्या घरात ऐकू येतंय आणि तू डाळ निवडतेस?”

नोव्हेलाला वाटलं, बाई चेष्टा करतेय.

ती उठून आत गेली. रुफिना पाळण्यात हातपाय झाडत होती. तोंड उघडं... चेहरा लालबुंद... डोळ्यांतून पाणी...

आणि आवाज नाही.

दामालिसची बडबड तिला ऐकू येत होती. बंदरावरचा गलका ऐकू येत होता. फक्त पोटच्या पोरीचं रडणं ऐकू येत नव्हतं. तिनं पोरीला छातीशी धरलं, तिच्या तोंडाला कान लावला. गरम श्वास कानावर आला. बाकी काही नाही.

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

नोव्हेलाला रुफिनाच्या आधी दोन मुलं झाली होती. दोन्ही मुलगे. दोन्ही बारशापर्यंत गुटगुटीत, आणि मग एकाएकी दूध सोडून, निळे पडून गेले. दात न आलेल्या लेकराला आमच्याकडे चितेवर ठेवत नाहीत. घराच्या वळचणीखाली, भिंतीलगत पुरतात. घर सोडून लांब जाऊ नये म्हणून. ते दोघेही तिथेच होते, गळ्यातल्या ताइतांसकट.

ताईत मारुल्लानंच आणले होते. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो, तेव्हा जाणार कोण? मारुल्लाला मूलबाळ नव्हतं. त्यापायी नवऱ्यानं तिला परत पाठवली, ती थेट धाकटीच्या घरी आली आणि त्या दिवसापासून घर तिनंच ओढलं. चूल तिची, पाणी तिचं, दोन्ही बाळंतपणं तिनं काढली. नोव्हेलाला आई आठवतही नव्हती. तिला वाढवलं ताईनं. आई म्हणजे ताईच.

रुफिना झाली तेव्हा नोव्हेला पोरीकडे बघायलाही घाबरत होती. जीव लावला की जाईल, असं तिला वाटायचं. मारुल्ला देवळामागच्या, इजिप्तहून आलेल्या मांत्रिक म्हाताऱ्याकडे गेली आणि ताईत करून आणला. बोटाच्या पेराएवढी पितळी नळी. आत मंत्र कोरलेलं पातळ पान, गुंडाळून घातलेलं, आणि तोंड मेणानं बंद. बारशाच्या दिवशी तिनं तो पोरीच्या गळ्यात बांधला, दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकली आणि म्हणाली, “आता हिला कोणी हात लावणार नाही.”

बंद ताईत उघडायचा नसतो. उघडला की गुण गेला. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून कोणी उघडून बघत नाही.

रुफिना जगली. बाळसं धरलं.

पण जहाजं आली त्या दुपारनंतर नोव्हेलाचं दूध आटलं. मेथी झाली, जवाची पेज झाली, देवीला नवस झाला. थेंब नाही. दाई शोधायला हवी, असं ती मारुल्लाला सांगायला गेली. मारुल्ला चुलीपुढे पाठमोरी बसली होती. तिनं वळून पाहिलं...

तिच्या अंगरख्याचा पुढचा भाग ओला होता.

मारुल्लानं आयुष्यात मूल जन्माला घातलं नव्हतं. तरी तिला दूध फुटलं होतं. तिनं पोरीला उचललं आणि पाजायला घेतलं. दामालिसनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, देवीची कृपा, मावशीलाच पान्हा फुटला. नोव्हेलानंही हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती?

आणि मग एका दुपारी, उन्हात गल्ली ओस पडलेली असताना, तिला रडणं ऐकू आलं.

बारीक. तान्ह्या बाळाचं.

ती आनंदानं धावत पाळण्याशी गेली. रुफिना झोपली होती. शांत... ओठांवर दूध...

रडणं चालूच होतं.

ते बाहेरून येत होतं. भिंतीच्या पलीकडून. खालून.

वळचणीखालून.

नोव्हेला भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या मनात एकच विचार आला. ताइतात काहीतरी चुकलंय. मेलेल्यांचं ऐकू येतं आणि जित्या पोरीचं नाही, म्हणजे कुठेतरी उलटं पडलंय. तिनं झोपलेल्या पोरीच्या गळ्यातली नळी हातात घेतली. नियम मोडला. नखानं मेण काढलं आणि पान उलगडलं.

चांदीचं होतं. स्वच्छ, चकचकीत.

बापाच्या दुकानात लोणच्यांच्या रांजणांवरची नावं वाचत दोघी बहिणी मोठ्या झाल्या होत्या, त्यामुळे नावापुरतं तिला वाचता यायचं. ताइतात माणसाचं नाव आईच्या नावानं लिहितात. बापाबद्दल कोणी शंका काढेल, आईबद्दल नाही. वरच्या आणि खालच्या शक्ती माणसाला आईवरून ओळखतात. तिथे लिहिलं होतं... रुफिनाचं रक्षण करा, जिला मारुल्लानं जन्म दिला.

मारुल्ला घागर घेऊन आत आली, तेव्हा नोव्हेला तसंच पान हातात धरून बसली होती. मारुल्ला दचकली नाही. घागर खाली ठेवली आणि शेजारी बसली. तिनं समजुतीच्या सुरात सांगितलं, की जे काही तुझी लेकरं न्यायला येतं, त्याला तुझं नाव पाठ झालंय. म्हणून मी त्याला चकवलं. ते नोव्हेलाची पोर शोधत येतं आणि इथे मारुल्लाची पोर सापडते. मग ते परत जातं.

“तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस का?” ती म्हणाली.

नोव्हेलाला स्वतःचीच लाज वाटली. ताईनं पोर वाचवली आणि आपण तिच्यावर संशय घेतला. तिनं ताईचे दोन्ही हात ओठांना लावले. दोघींनी मिळून नळी पुन्हा मेणानं बंद केली. पोरीचं रडणं ऐकू न येणं ही त्याची किंमत असेल तर असो. पोर जगली पाहिजे.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

पण वळचणीखालचं रडणं थांबेना. रोज दुपारी, सावली पायाखाली आली की सुरू. आधी एक आवाज... मग दोन. मारुल्लाला ते ऐकू येत नव्हतं. दामालिसला येत नव्हतं. आणि ते भुकेचं रडणंही नव्हतं. ज्या बाईनं तीन पोरं छातीशी धरली तिला भुकेचं रडणं कळतं. काहीतरी टोचत असलं की बाळ रडतं ना, तसं ते होतं.

कपड्यात काटा राहिला असला की... तसं.

शेवटी तिला राहवेना. मारुल्ला धुणं घेऊन गेली होती. नोव्हेलानं चुलीतली राख ओढायचं खुरपं घेतलं, बाहेर गेली आणि वळचणीखाली खणायला लागली. आमची जमीन आधीच कोमट, गंधकाच्या वासाची. फार खोल जावं लागलं नाही. ती रडत रडत माती काढत होती आणि त्यांना सांगत होती, आले रे बाळांनो, आले, आई आली.

पुरताना वर झाकलेल्या कौलाखाली छोटी छोटी हाडं होती. त्यांच्यात दोन पितळी नळ्या.

तिनं त्या उचलल्या...

आणि रडणं थांबलं.

पहिली नळी तिनं दगडावर ठेचली. पान बाहेर पडलं. तिला वाचावं लागलं नाही. रंग पाहिला आणि तिला कळलं. दुसरीही तिनं फोडली. त्यातही तेच.

शिसं.

शिसं गळ्यात बांधायचं नसतं. ते शत्रूचं नाव लिहून कबरीत टाकायला असतं. मेलेल्यांनी येऊन त्याला न्यावं, म्हणून. तान्ह्या लेकराच्या गळ्यात शिसं बांधणं म्हणजे त्याला जिवंतपणी खालच्यांच्या स्वाधीन करणं. हे म्हाताऱ्याकडून चुकून होत नाही. मागणाऱ्यानं मागावं लागतं.

मारुल्ला धुणं घेऊन आली. वळचणीखालचा खड्डा पाहिला. नोव्हेलाच्या मातीनं भरलेल्या हातांतली ती दोन करडी पानं पाहिली. तिनं धुणं खाली ठेवलं.

“का, ताई?” नोव्हेलानं विचारलं.

मारुल्ला म्हणाली, “मला मारायचं नव्हतं. तुझंही माझ्यासारखंच व्हावं, एवढंच वाटलं होतं. तुझी कूस भरलेली आणि मी तुझे कपडे धुणार. मीच वाढवलं तुला, नोव्हेला. तुला सगळं आधी मिळालं.”

“आणि दुसरा?”

“पहिल्यानंतर तू माझ्या कुशीत रडायचीस. लहानपणी रडायचीस तशी. तो झाला आणि पुन्हा मला विसरलीस.”

नोव्हेलानं ती पानं मुठीत आवळली.

“हिच्या वेळीही शिसंच आणायला गेले होते,” मारुल्ला म्हणाली. “पण आदल्या दिवशी हिनं माझं बोट धरलं होतं. मग हात उचलेना.”

ती बोलता बोलता थांबली. तिनं मान वळवून घराकडे कान दिला. नोव्हेलाला काहीच ऐकू आलं नाही. मारुल्ला अंगरख्याला हात पुसत आत गेली. रुफिनाला तिनं उचललं, अंगरखा बाजूला केला आणि पाजायला घेतलं. पोर तिला बिलगली. डोळे मिटून, लुचूलुचू पिऊ लागली.

नोव्हेला दारात उभी होती. आरडाओरडा करून गल्ली गोळा करता आली असती. केस धरून बहिणीला बाहेर काढता आलं असतं. पण पोर दुसऱ्या कोणाचं दूध तोंडात घेत नव्हती. ज्या बाईनं दोन मारले, तिच्याच छातीवर तिसरी जगत होती.

पिणं होईपर्यंत ती थांबली. मग तिनं ती दोन शिशाची पानं एका दोऱ्यात ओवली आणि स्वतःच्या हातानं मारुल्लाच्या गळ्यात बांधली.

“हे तुझे,” ती म्हणाली. “तू सांभाळ.”

मारुल्लानं दोरा काढला नाही. का, ते मला माहीत नाही.

त्यानंतर रोज दुपारी मारुल्ला वळचणीखाली जाऊन बसायची. दामालिसनं ते पाहिलं आणि मरेपर्यंत त्याबद्दल चेष्टा केली नाही. मारुल्ला भिंतीला टेकून, अंगरखा उघडा टाकून, हात पाळण्यासारखे दुमडून बसलेली असायची. मांडी रिकामी... आणि ती डुलायची. दोन्ही बाजूंना. एकदा इकडे वाकायची, एकदा तिकडे.

ती वाळत गेली. गालफडं बसली, हात काटकुळे झाले. रुफिनाला दात आले, पोर पेज खायला लागली, त्याच आठवड्यात मारुल्ला तिथेच बसल्या जागी सापडली. भर उन्हात. तिच्या गळ्यातला दोरा गाठीसकट होता. शिशाची पानं नव्हती. वळचणीखाली पुन्हा खणून बघायची हिंमत कोणाला झाली नाही. व्हालेन्स परत आला, तेव्हा त्याला ताप म्हणून सांगितलं.

चांदीचं पान बदलून घे, आता तुझं नाव लिही, असं दामालिस नोव्हेलाला पुष्कळदा म्हणाली. नोव्हेला देवळापर्यंत जायची आणि परत यायची. तिच्या नावानं दोन गेले होते. ज्या नावानं पोर जगली, ते नाव खोडायचं कसं?

ते कोणी खोडलं नाही. ती नळी आजही माझ्या गळ्यात आहे.

ती रुफिना मी.

माझ्या आईनं माझं रडणं कधीच ऐकलं नाही. मी पडले, भाजले, पहिलं बाळंतपण कठीण गेलं, ती शेजारच्या खोलीत शांत बसलेली असायची. बोललेलं ऐकू यायचं, हसलेलं यायचं. रडणं नाही. म्हणून ती सतत माझ्या तोंडाकडे बघत राहायची. रडू आलं की मी तिचं अंगवस्त्र ओढायला शिकले. हे सगळं तिनंच मला सांगितलं, मी मोठी झाल्यावर, सावकाश, मान खाली घालून. मावशीचा मला राग येतो. पण माझं हाडमांस तिच्या दुधाचं आहे, तो राग मी ठेवू कुठे?

गेल्या उन्हाळ्यात आई गेली.

तिला अंगणात नेलं, लोक जमले, मेलेल्याला नावानं हाका मारायची आमच्याकडे रीत आहे, त्या मारून झाल्या. मला ते सोसेना. मी घराला वळसा घालून मागे गेले आणि वळचणीखाली, भिंतीला डोकं टेकून रडले. दुपार होती. सावली पायाखाली.

आणि घरातून आवाज आला. रिकाम्या घरातून. आईचाच. ओळखीचा, घाईघाईचा...

“आले, आले.”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं ऐकलं, असं वाटून मी आणखीच रडले. मग पायाखालची माती कोमट लागली, आणि लक्षात आलं, मी कुठे उभी आहे.

माझ्या गळ्यात अजून मारुल्लाचंच नाव आहे. आईचं नाव लावणारी तिची दोन लेकरं त्या मातीखाली होती.

ती मला म्हणाली की त्यांना, ते मला कळलेलं नाही. आवाज एकदाच आला, आणि मी दार उघडून आत गेले, तेव्हा आत कोणी नव्हतं.