एका खोलीचा उजेड

गेल्या उन्हाळ्यात शेलूबाजारला आमच्या गल्लीची डीपी पुन्हा जळाली, तेव्हा सगळ्या घरांनी मिळून ठरवलं, संध्याकाळचा लोड कमी करायचा. मी शाळेत शिकवते. विजेच्या बचतीचा धडा दरवर्षी पोरांकडून पाठ करून घेते. म्हटलं, आता घरीच करून पाहू.

पाण्याची मोटर सकाळी. इस्त्री आठवड्यातून एकदाच. आणि दिवेलागणीनंतर मी आणि माझा नवरा संघदीप, दोघांनी मधल्या खोलीतच बसायचं. एक दिवा, एक पंखा, बाकीचं घर अंधारात. आधी तो टीव्हीपुढे असायचा आणि मी आत. आता एकाच उजेडात मी वह्या तपासायची, तो शेंगा सोलायचा. किती वर्षांनी आम्ही पुन्हा गप्पा मारायला लागलो होतो!

सवय मात्र लवकर लागत नाही. एकदा स्वयंपाकघरातला दिवा तसाच राहिला. मी उठणार, तोच आतून आवाज आला. टक्. दिवा गेला.

संघदीप माझ्यासमोरच बसला होता.

"लाइन गेली असंल," तो म्हणाला. पण आमच्या डोक्यावरचा पंखा फिरतच होता.

मग ते नेहमीचंच झालं. बाथरूमचा दिवा विसरला, टक्. मागच्या दाराचा, टक्. आधी अनवाणी पावलांची हलकी चाहूल, भर मे महिन्यात ओल्या मातीचा वास, मग अंधार. सुरुवातीला मी संघदीपचा हात सोडत नव्हते. एका संध्याकाळी तोच हळूच म्हणाला, "बाबा असतीन..."

माझे सासरे गोविंदा, आमचे मामाजी, त्याआधीच्या दिवाळीनंतर वारले होते. सासूबाई, आमच्या वच्छला आत्याबाई, तेव्हापासून शिरपूरला नणंदेकडे राहत होत्या. मामाजींचं नाव निघालं नि माझी भीतीच गेली. सुनेनं काही मनावर घेतलंय, तर ते हातभार लावताहेत, असं वाटून डोळे भरून आले. मी तर त्यांच्याशी बोलायलाही लागले. "मामाजी, बाथरूमचा राहिला बरं." टक्.

आत्याबाईंना हे फोनवर सांगवेना. आल्यावर दाखवू, म्हटलं.

त्या आल्या, चहा झाला, दिवेलागण झाली. तिघं मधल्या खोलीत बसलो. मी मुद्दाम स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवला होता. त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "ऐका, आत्याबाई..."

पावलं आली. टक्.

त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू येईल म्हणून मी पाहत होते. माझ्या हातातला त्यांचा हात गार पडला.

"हे कोन व्हय, पोर्णिमा?"

"मामाजी..."

"नाई." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "त्यायले अंधाराचं लय भेव होतं. कोनाले सांगू देत नव्हते. जिंदगीत कधी बटन बंद केलं नाई त्यायनं. त्यायले झोप लागली का मीच करत होती..."

तेवढ्यात मामाजींच्या बंद खोलीच्या दाराखालून उजेड आला.

आत्याबाई ताडकन उठल्या. "हे... हे हायेत ते!"

टक्. उजेड गेला. पुन्हा लागला. टक्. पुन्हा लागला, जरा उशिरानं, दमल्यासारखा.

"काहून छळून राह्यला रे त्यायले?" म्हणत त्यांनी दार ढकललं. खोली रिकामी होती. ओल्या मातीचा वास मात्र नाकात भरला. आत्याबाईंनी चालू बटणावर पंजा दाबून धरला आणि खाटेकडे पाहून, तान्ह्या लेकराशी बोलावं तशा म्हणाल्या, "झोपा तुमी. मी हाय न इथं. लाइट जात नाई."

खाट करकरली, कोणी कूस बदलावी तशी. मग सगळं शांत झालं. आत्याबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

थोड्या वेळानं, मान न वळवता, त्यांनी मला हाक मारली.

"पोर्णिमा... कोनतरी मायी बोटं उचलून राह्यलं. एकएक करून..."

संघदीपनं धावत जाऊन त्यांच्या हातावर हात दाबला, त्याच्या हातावर मी माझा. तिघं तसेच उभे राहिलो, श्वास रोखून.

सगळ्यांत वर माझा हात होता. अगदी हळूच, न दुखवता, कोणीतरी माझी करंगळी उचलली.