किरणांची राखण

शेजारच्या शहापूरच्या टेकचंदशी रुखमाचं लग्न झालं. पण हे लगेच विसरून जा, तसं काही झालेलंच नाही. सध्या ती धानाच्या मचाणावर धुमसत बसलीय आणि टेकचंद कोण, हे तिला ठाऊकही नाही.

गळ्यातल्या थायरॉइडच्या ग्रंथीनं तिला वाळवून टाकलं होतं. हात थरथरायचे, छाती धडधडायची, राग तर नाकाच्या शेंड्यावर मालकी हक्कानं राहायचा. ती काही बोलली की घरचे म्हणायचे, "ग्रंथी बोलून राहिली." आपला राग आपलाही नाही... याचाच तिला जास्त राग.

मुंबईच्या दवाखान्यानं तिला किरणांचं आयोडीन पाजलं आणि अंगातून किरणं निघतील म्हणून थोडे दिवस माणसांपासून लांब राहायला बजावलं. बापानं, सेवकरामनं, तिला थेट मचाणावर बसवलं. रानडुकरं फिरकेनात. गाव म्हणालं, किरणांचा प्रताप. खरं तर ती दिवसभर शिव्या घालत होती.

एके संध्याकाळी समोरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक उंच पोरगा सायकल धरून उभा राहिला.

"मी टेकचंद. डुकरं आमचा धान खाऊन राहिले. तुमी दोन दिवस आमच्या बांधीत बसान का?"

"मी का बुजगावणं आहो?"

"बुजगावण्याले डुक्कर भेत नाही. तुमाले भेते."

तिनं ढेकूळ फेकलं. ते त्याच्या खांद्यावर फुटलं. त्यानं एक तुकडा खिशात टाकला. "उद्या येतो."

"कायले?"

"तुमचं ढेकूळ वापस द्याले."

तो रोज येऊ लागला... आणि तिचे हात थरथरायचे थांबले. दवाखाना म्हणाला, बरी झाली, आता माणसांत राहा. ती मात्र धास्तावली.

"राग चालला माहा. आता तू कायले येशील?"

टेकचंद पहिल्यांदाच मचाणाखाली आला. "तुझ्या बापाले लग्नाचं विचारलं. तो म्हणे, पोरगी देतो, पण राखणीले इथंच ठेवीन."

रुखमा खाली उतरली आणि अशी कडाडली, की तळ्यावरचे बगळे उडाले.

टेकचंद हसला. "ग्रंथी तर बरी झाली ना? मंग हा राग कोनाचा?"

"माहा," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरची कधीच गळून गेलेली माती झटकली.

पुढच्या हंगामात सेवकरामनं तहसीलीत अर्ज दिला: तरी साहेबांनी अर्जदाराच्या विवाहित कन्येचा राग धान कापणीपुरता माहेरी वर्ग करण्याचे आदेश द्यावेत, ही नम्र विनंती.