वळणावरची वाळू

"थांबा! ओ बाई… थांबा म्हणतो ना!"

बर्फ सारणाऱ्या ट्रकच्या उंच खिडकीतून सेल्माने खाली पाहिलं. गुडघाभर बर्फात एक माणूस फावडं उगारून उभा होता. टोपी वाकडी, मिशीवर श्वास गोठून पांढरा झालेला, आणि चेहऱ्यावर असा राग, की तिला हसूच फुटलं.

"सकाळपासून दोनदा फाटक मोकळं केलं मी! आणि तुम्ही येता, पुन्हा तिथेच डोंगर रचून निघून जाता."

"मग तिसऱ्यांदा करा. अंगात ऊब राहील."

"खाली उतरून बोला की जरा. वर बसून कुणीही बोलेल!"

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कीविनॉ द्वीपकल्पाच्या त्या टोकाला हिवाळा पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा मुक्कामाला येतो. त्यामुळे रस्ता साफ करणारे आणि अंगण साफ करणारे यांचं भांडण तिथे दरसालचंच. सेल्मा कांगासने अशा शिव्या पुष्कळ खाल्ल्या होत्या. त्या दिवशी मात्र ती चक्क खाली उतरली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याचे डोळे रागावलेले असूनही भांडकुदळ नव्हते, एवढंच तिला वाटलं असेल.

उतरल्यावर तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या शेडमध्ये गेली. दार उघडं होतं. ताडपत्री एका बाजूने घसरली होती आणि तिच्याखालून एक गोल दिवा आणि हँडलचं अर्धं टोक डोकावत होतं. सेल्मा जागीच थबकली.

"ती… कुणाची?"

"ती होय? ऑन्नी काकाची. जुनी होंडा मोटरसायकल. काका गेल्यापासून पडून आहे. उंदरांनी संसार थाटलाय तिच्यात." त्याने फावडं खाली टेकवलं. "का? हवीय?"

"नको," ती म्हणाली. मग लगेच, "विकताय?"

तो हसला. मिशीवरचं बर्फ तडकलं. "मी आर्वो. आर्वो लेहतो. काकूला विचारायला हवं, पण ती तर म्हणेल, आत्ताच घेऊन जा."

सेल्मा घाबरणाऱ्यातली नाही, असं अख्खं गाव म्हणायचं. वादळात, हाताचं बोट दिसत नसताना, ती ट्रक हाकायची. पण गावाला काय ठाऊक! नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका कोवळ्या सकाळी, दीपगृहाच्या वळणावर तिची मोटरसायकल घसरली होती. चाकं घसरू नयेत म्हणून हिवाळाभर बर्फावर टाकलेली वाळू, बर्फ वितळल्यावरही वळणावर तशीच राहिली होती. चाक वाळूवर गेलं आणि जमीन पायाखालून निघून गेली. खांद्याचं हाड पुढे सांधलं, धीर काही सांधला नाही. त्यानंतर ती मोटरसायकलवर बसली नव्हती. आणि दैवाची थट्टा अशी, की नोकरी मिळाली ती नेमकी या ट्रकवर. ज्या वाळूने तिला पाडलं, तीच आता ती हिवाळाभर रस्त्यांवर पसरत होती.

गाडी तिने घेतली. तिची खोली बेकरीच्या वर, एक जिना चढून. तिथे गाडी ठेवणार कुठे? म्हणून ठरलं असं, की गाडी शेडमध्येच राहील, दर शनिवारी सेल्मा येईल आणि दोघं मिळून ती उभी करतील. आर्वो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मोटरसायकलवर मात्र उभ्या जन्मात बसला नव्हता.

"का नाही बसलात?" तिने विचारलं.

"घाबरतो," तो सरळ म्हणाला.

इतकं सरळ सांगितलं, की सेल्माला त्याचा हेवा वाटला.

तर शनिवार सुरू झाले. इंजिनला हवा गाळून देणाऱ्या डब्यातून उंदरांचं घरटं निघालं. त्यात काकूच्या हरवलेल्या हातमोज्याची लोकर होती. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल डिंकासारखं घट्ट झालेलं. ब्रेक गंजून आवळलेले. लेम्पी काकू दर शनिवारी वेलदोडा घातलेला निसू, म्हणजे त्यांच्याकडचा गोड पाव, आणि किटलीभर कॉफी घेऊन यायची, दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघायची.

"पोरी, गाडी दुरुस्त करतेयस की माझ्या पुतण्याला?"

"गाडीचे भाग मिळतात काकू," सेल्मा म्हणाली. "याचे आता बनत नाहीत."

आर्वोचे कान लाल झाले. थंडीने, असं तो म्हणाला.

पेट्रोलच्या टाकीत आतून गंज होता. व्हिनेगर आणि मूठभर स्क्रू घालून ती हलवत बसायची होती. दोघं समोरासमोर बाकावर बसले, टाकी मध्ये, चार हात तिच्यावर, बाळाला झोके द्यावे तसे. शेडभर आंबट वास. त्या खुळखुळाटात सेल्माने त्याला वळणाची गोष्ट सांगितली. गोंगाटात बोललं की रडू लपतं, हे तिला माहीत होतं.

आर्वोने टाकी हलवायची थांबवली. "मग… ही गाडी घेतलीस कशाला?"

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"कारण मला त्या वळणावरून जाता येत नाही," ती म्हणाली. "ट्रकमधून जाते, रोज. पण तिथे आले की छातीत धडधडतं. आरशात बघते, कुणी हसतंय का. नऊ वर्षं झाली रे. मला भीती नाही, असं लोक म्हणतात आणि मी हो म्हणते. कंटाळा आलाय खोटं बोलायचा."

टाकीवर तिचा हात त्याच्या हाताखाली आला होता… त्याने आपला हात काढला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला इंजिनने पहिला श्वास घेतला. सेल्माने किक मारली; एकदा, पुन्हा, पुन्हा… आणि शेड दणाणून गेली. ती आनंदाने ओरडणार होती. प्रत्यक्षात ती दोन पावलं मागे सरली आणि तिने आर्वोची बाही घट्ट पकडली.

"थंडी वाजतेय?"

"हो."

"शेगडी पेटलीय."

"…मग नाही वाजत."

त्याने बाही सोडवून घेतली नाही. पण त्याचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, आवाजाने दचकला असेल.

राहिला होता रंग. सेल्माने गर्द हिरवा निवडला. रंग पक्का बसायला रात्रंदिवस एकसारखी ऊब हवी, आणि त्या थंडीत ऊब एकाच जागी: अंगणातली लाकडी सौना, तापलेल्या दगडांची खोली. मंद आच ठेवून टाकी आत टांगली. फक्त दगडांवर पाणी मारायचं नाही. वाफ झाली की संपलं.

पुढच्या शनिवारी सेल्मा आली, तर टाकीवर फोडच फोड. हिरव्या बेडकाची पाठ जशी.

"काकू विसरली," आर्वो तिच्याकडे न बघता म्हणाला. "सवयीने पाणी मारलं तिने. आता सगळं खरवडून पुन्हा…"

"म्हणजे अजून महिनाभर?"

"निदान."

सेल्माने तोंड वाकडं केलं. खरं सांगायचं तर आतून तिला सुटल्यासारखं झालं. महिनाभर अजून घाबरायला नको. महिनाभर अजून शनिवार. तिने हे दोन्ही आनंद पोटात ठेवले आणि पॉलिश पेपर हातात घेतला.

मे उजाडला. बर्फ वितळलं, रस्त्याकडेला ओढे वाहू लागले, पावसाची भुरभुर सुरू झाली. गाडी तयार झाली. सेल्मा अंगणात पहिल्या गिअरमध्ये हळूहळू फेऱ्या मारायची. हातमोज्यात तळवे घामेजायचे, वळताना खांदा आपोआप आवळायचा. आर्वो हात पसरून बाजूने धावायचा.

"अरे, लेकराला सायकल शिकवतोयस का?" काकू ओरडायची.

"पडली तर?"

"तर तुझ्यावर पडेल. तेच तर हवंय ना तुला!"

अशाच एका शनिवारी सेल्मा काकूला पाव कापायला मदत करत होती. सहज म्हणाली, "काकू, त्या दिवशी टाकीवर वाफ झाली नसती, तर आत्तापर्यंत मी गावभर फिरले असते."

"कुठली वाफ?"

"तुम्ही सौनात पाणी मारलं ना…"

"मी? मी त्या आठवड्यात बहिणीकडे होते. सौनाची किल्ली आर्वोकडे." काकूने सुरी खाली ठेवली. तिच्या लक्षात आलं, पण तोवर सेल्मा दाराबाहेर होती.

आर्वो चाकात हवा भरत होता.

"तू केलंस?"

त्याने मान वर केली. उत्तर त्याच्या चेहऱ्यावरच होतं. तो उभा राहिला, हातातलं फडकं पिळत.

"मी पडणार, असंच वाटतं ना तुलाही? सगळे मला धीट म्हणतात, आणि तू… तुला एकट्याला खरं सांगितलं मी. त्याचं हे केलंस?" तिचा आवाज चिरकला. "बोल ना काहीतरी!"

त्याचे ओठ हलले. सेल्मा थांबली नाही.

"ठीक आहे. उद्या सकाळी मी त्या वळणावरून जाणार. कुणी असो, नसो."

"तिथे अजून वाळू आहे, सेल्मा. झाडणारं यंत्र जूनशिवाय तिकडे—"

"मला सांगतोस? मीच टाकलीय ती!"

ती गाडी घेऊन निघाली, त्याच संतापात, तशीच बेकरीपर्यंत. गाडी उभी केल्यावर तिच्या लक्षात आलं, की नऊ वर्षांनी ती रस्त्यावर गाडी चालवून आली आहे. आणि मग ती जिन्याच्या पायरीवरच बसून राहिली.

रविवारी सकाळी तिने हेल्मेटचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. जून आला की जाऊ, असं मन म्हणत होतं. पण ते मन तिच्या ओळखीचं होतं. जूनमध्ये ते जुलै म्हणालं असतं. आणि दुसरंही एक तिला डाचत होतं, वाळूहून जास्त. काल तो काहीतरी बोलू पाहत होता आणि ती थांबली नाही. आता तो कधीच बोलला नाही तर?

सरळ रस्त्यावर गाडी छान चालली. डावीकडे सुपिरिअर सरोवर, राखाडी, समुद्रासारखं. दीपगृहाचा मनोरा दिसला तसा तिने वेग कमी केला. वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला तांबूस वाळूचा थर दिसू लागला. हाताने आपोआप ब्रेक दाबला. गाडी थांबली. इंजिन धडधडत होतं की छाती, तिला कळेना. परत फिरावं, कुणी बघत नाहीये…

पण कुणीतरी होतं.

वळणाच्या मधोमध, पाठमोरा, लांब दांड्याचा झाडू घेऊन एक माणूस रस्ता झाडत होता. शर्ट पाठीला चिकटलेला. पलीकडे त्याचा पिकअप दिवे उघडमीट करत उभा, येणाऱ्या गाड्यांनी जपून यावं म्हणून. आणि त्याच्यामागे वळणाचा डांबरी रस्ता स्वच्छ, काळाभोर, नुकताच धुतल्यासारखा.

सेल्माने इंजिन बंद केलं. आर्वो वळला.

"अजून थोडं राहिलंय," तो धापा टाकत म्हणाला. "बाहेरची कड. लवकर आलीस तू."

"तू… कधीपासून झाडतोयस?"

"उजाडल्यापासून." त्याने कपाळ पुसलं, वाळू कपाळालाच लागली. "काल बोलता आलं नाही मला. पाणी मीच मारलं. गाडी झाली, की तुझे शनिवार संपणार, ही एक भीती. आणि तू इथे येणार, ही दुसरी. रात्री डोळा मिटला, की हे वळण दिसायचं. मी कधी न पाहिलेलं तुझं पडणं दिसायचं. गाढवपणा केला. तुझी भीती तुझी होती, तिला हात लावायचा मला हक्क नव्हता."

"आणि आता? गेली तुझी भीती?"

"कुठली जातेय! म्हणून तर झाडू आणला." तो थांबला. त्याने झाडूचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, सेल्मा. तुला अडवत नाही. जा तू. फक्त… स्वच्छ रस्त्यावरून जा."

सेल्माचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हेल्मेटमध्ये हात जात नव्हता. तिने गाडी स्टँडवर लावली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या हातातला झाडू काढून घेतला.

"दे इकडे. वाळू माझी आहे."

उरलेली कड तिने झाडली. खरखर, खरखर. वाळू गवतात उडत गेली. मग झाडू त्याच्या हातात परत देऊन ती गाडीवर बसली. तळवे अजून ओलेच होते. भीती जशीच्या तशी होती, त्या सांधलेल्या खांद्यात. तिने वळणाच्या शेवटाकडे नजर लावली आणि क्लच सोडला.

गाडी कलली. खांदा आवळला गेला. आता… आता… पण चाकाखाली रस्ता होता, नुसता रस्ता, तिला धरून ठेवणारा. सरोवर बाजूने फिरून गेलं, मनोरा मागे पडला आणि गाडी पुन्हा सरळ झाली. सेल्मा मोठ्याने ओरडली. आनंदाने की भीतीने, ते तिला ठरवावंसंही वाटलं नाही.

ती फिरून परत आली, तेव्हा आर्वो झाडूला मिठी मारून उभा होता, डोळे गच्च मिटून.

"उघड डोळे. आले मी."

त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"माझंही आहे," ती म्हणाली. "प्रेम. त्या फावड्यापासून. बस मागे."

"मी? नाही हं… मला—"

"भीती वाटते?"

"फार."

"मलाही. घट्ट धर."

लेम्पी काकू फाटकात उभी होती. हिरवी गाडी बैलगाडीच्या वेगाने येताना दिसली. पुढे सेल्मा, मागे पांढराफटक पडलेला तिचा पुतण्या आणि दोघांच्या मध्ये झेंड्यासारखा उभा झाडू.

"पिकअप कुठाय?"

"वळणावर," आर्वो कसाबसा म्हणाला.

"आणि माझा झाडू सकाळपासून शोधतेय मी! त्याची काय दशा केलीस मेल्या? निम्मे केस राहिले नाहीत त्याचे!"

तिने झाडू ओढून घेतला, पुटपुटत आत गेली, कॉफीचं आधण ठेवलं. गाडी केव्हाच बंद झाली होती. आर्वोचे हात मात्र सेल्माच्या कमरेभोवती होते तसेच होते, आणि उतरायचं नाव तिनेही काढलं नाही.