ढोल तापवणारा विल्मार

"अहो मॅडम, ढोल तापवताय की वांगं भाजताय?"

अनालियानं दचकून ढोल मागे ओढला. मोंतेविदेओतली दमट संध्याकाळ, फुटपाथवर पेटवलेली लाकडं, भोवती मांडलेले ढोल – आणि तिच्या वर्गातल्या सहा मुली खुदुखुदु हसताहेत! कोपऱ्यावर नशेच्या पुड्या विकणाऱ्यांपाशी मुलींनी घोटाळू नये म्हणून तिनं हे पथक काढलं होतं खरं, पण ढोलातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"फिरवत राहायचं. एका जागी धरलं की कातडं फाटतं." रस्त्यानं जाणारा तो उंच, सावळा तरुण खुशाल शेजारी उकिडवा बसला. काखेत थर्मास, हातात माते नावाच्या कडू हिरव्या चहाचा तुंबा. "मी विल्मार. घ्या, माते घ्या."

तिनं नळीनं कडू घोट ओढला, घाईघाईनं तुंबा परत दिला. "आभारी आहे."

"एवढ्यात?" तो हसला. आभार मानले म्हणजे 'बास, आता नको', हे तिथं शेंबडं पोरही जाणतं.

"नको म्हणजे नको," ती म्हणाली... पण कान तापले ते काही विस्तवानं नव्हे.

मग तो दर शनिवारी यायला लागला.

"मॅडम, आज कानात झुमके?" पंधरा वर्षांची हिमेना डोळे मिचकावायची.

"गप बस आणि वाजव!"

एका शनिवारी हिमेनानंच विचारलं, "हे कातडं एकदाच ताणून कायमचं नाही का राहत?"

"कातडं खिळ्यांनी ठोकलेल्या ढोलाला दर वेळी विस्तव लागतो." विल्मारनं एक लाकूड विस्तवात सारलं. "माझंही तसंच आहे. तुझ्याएवढा असताना 'एकदाच बघू' म्हणून कोकेनचा गाळ ओढला, ती स्वस्तातली नशा. नऊ वर्षं गेली त्यात. मग व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तीन वर्षं झाली, आता तिथंच नव्यांना सांभाळतो."

"म्हणजे सुटलं?"

"आज सुटलंय. सकाळी उठतो, आजच्यापुरतं 'नाही' म्हणतो. उद्याचं उद्या."

हिमेना हळूच म्हणाली, "आणि मला कुणी 'एकदाच' म्हटलं तर?"

"आधी मला फोन कर. ओढून झालं असेल तरी कर. मी ओरडणार नाही."

अनालियानं मात्र मान फिरवली. तिच्या भावानं, नेल्सननं, आईच्या डोक्यावर हात ठेवून तीसदा तरी शपथ घेतली होती – 'जन्मात शिवणार नाही!' शेवटच्या शपथेनंतर तो आईचं शिलाई मशीन घेऊन गेला, तो गेलाच. नशेत पडलेल्या माणसाच्या शब्दावर पुन्हा विश्वास नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं. दोन शनिवार ती विल्मारशी धड बोलली नाही.

तिसऱ्या शनिवारी मुली घरी गेल्या, तो विस्तव विझवत होता. तिला राहवेना. तिनं नेल्सनचं सगळं सांगून टाकलं.

"तेव्हा माझ्यापुढे शपथा घेऊ नकोस, विल्मार."

"घेणारच नाही. शपथा घेऊनच मी माझ्या आईला रडवलंय."

"मग तुझ्याकडे आहे तरी काय?"

"आजचा दिवस." तो निखाऱ्यांकडे बघत राहिला. "आज माझं तुझ्यावर प्रेम आहे, अनालिया. उद्या सकाळी उठून बघेन... बहुतेक असेलच."

"बहुतेक?" तिला हसू फुटलं, डोळेही भरून आले.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. हजारावर सकाळी या माणसानं एकट्यानं 'नाही' म्हटलं होतं, आणि त्याचा एवढासा गर्व नव्हता! नेल्सनच्या जन्मभराच्या शपथा याच्या एका दिवसापुढे तिला फार हलक्या वाटल्या. एवढं मोठं माणूस आपल्या शेजारी, राखेत हात काळे करून बसलंय... तिच्या अंगावर काटा आला.

त्यानं तुंबा पुढे केला. तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत, नळी खुळखुळेपर्यंत रिकामा केला आणि परत दिला. तो तिच्या तोंडाकडे बघत थांबला. आता ती आभार मानणार...

ती काहीच बोलली नाही.

त्यानं थर्मास उघडला आणि तुंबा पुन्हा भरला.