लावलेलं फाटक

मेलेलं कोकरू कुंपणाच्या तारेत अडकूनच होतं. पोलीस सार्जंट थर्झा मेटकाफने त्याची मान सोडवली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पलीकडे निवडणुकीतला उमेदवार रॉडरिक पेनफोल्डच्या प्रचाराच्या पाट्या मोडून पडल्या होत्या. 'मेंढपाळांच्या तीन पिढ्या', असं त्यांवर लिहिलेलं. एमस आल्डरसन या कुरणाचं कूळ. मालकाच्या हट्टापायी त्याने त्या लावू दिल्या होत्या.

"रात्री काय झालं, एमस?"

"अंधार पडल्यावर मी फाटक सताड उघडून बांधलं, बाई. मेंढ्यांना ओढ्यावर जाता यावं म्हणून. पहाटे बघतो तर लावलेलं! आया तिकडे, पिल्लं इकडे. हे बिचारं आईकडे जायला तारेत घुसलं. मग मी फाटक परत उघडलं."

"आणि पाट्या?"

"खड्ड्यात गेल्या पाट्या! पण मालकाचा निरोप आलाय. नेलने मोडल्या असतील तर शेत सोडा."

नेल एमसची पुतणी, तिथेच उभी होती. गावच्या सभेत तिने पेनफोल्डला तोंडावर सुनावलं होतं, "तुझ्या पाट्यांचं सरपण करीन!" सगळ्या गावाने ते ऐकलं होतं.

"मोडल्यास का गं?" थर्झाने विचारलं.

"मोडल्या असत्या तर छाती ठोकून सांगितलं असतं," नेल फणकारली.

तेवढ्यात कोरे करकरीत बूट घालून, फोटोवाल्याला घेऊन पेनफोल्ड आला.

"रात्री कुठे होतात?" थर्झाने त्याला विचारलं.

"लीड्सला. थेट तिथूनच येतोय. अटक करा त्या पोरीला!"

"कोकरूही मेलंय. फाटकामुळे."

"मरणारच! कार्टीने सताड उघडं टाकलं होतं. मेंढपाळाचं पोर मी, मला बघवेना. मी लावलं म्हणून बाकीची जनावरं वाचली."

"कधी लावलंत?"

"आत्ता... येताना."

"मागे वळून बघा."

फाटक उघडंच होतं. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

थर्झाचा आवाज चढला. "एमसने ते रात्री उघडलं आणि पहाटे त्याला लावलेलं सापडलं. तुम्ही लावलंत ते त्या मधल्या वेळात. म्हणजे रात्री तुम्ही लीड्सला नव्हतात, इथे पाट्या मोडत होतात. स्वतःच्याच पाट्या मोडून गावाची सहानुभूती लाटायची आणि खापर पोरीवर फोडायचं! लाज नाही वाटत? अहो, इथलं शेंबडं पोरसुद्धा फाटक असेल तसं ठेवतं. उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. नेलने त्याला हातही लावला नसता. दिसलं फाटक की लाव, हे शहरातून पाठ करून आलेल्याचं शहाणपण."



एमसने कोकरू उचललं आणि पेनफोल्डच्या हातांवर ठेवलं. "तीन पिढ्या ना? मग जा, त्याच्या आईला दाखवून ये."

ओढ्याकाठी मेंढी ओरडत होती. पेनफोल्डला ते कोकरू धरायचं कसं, तेही कळेना.