चिवड्याच्या खोक्यातली माशी

"खोकं कुठाय?" कांचन किंचाळली. "निरूआत्याचं! कपाटावरचं!"

"लिलो चिवडोचं, ओल्या चिवड्याचं ना? ते मी सकाळी वासण्याला भास्कररावांकडे नेलं," दिनकरकाका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं का?"

कांचन, तिचा धाकटा भाऊ नंदू आणि शेजारचा हेरंब, तिघांनीही कपाळावर हात मारला. कमाल आहे या मोठ्या माणसांची!

खोक्यात चिवडा नव्हताच! निरूआत्यानं अंदमानच्या जंगलातून आणलेले गांधीलमाशीचे कोष होते. मुंगीएवढी ही परजीवी माशी सुरवंटाच्या अंगात अंडी घालते आणि पिल्लं त्याला आतून खाऊन वाढतात. तिच्या अख्ख्या कुळातला नर आजवर कुणी पाहिला नव्हता. या कोषांतून तो निघण्याची शक्यता होती, आणि आत्या सुरतेहून परतेपर्यंत त्यांची राखण मुलांकडे होती!

"काका, खोकं हलकं नाही लागलं?" हेरंब चिडून म्हणाला.

"लागलं की! म्हटलं, हल्ली कमीच भरतात."

तिघं रिक्षानं शहराच्या कडेला, वासण्याला धावली.

"आवो, बेसो!" भास्करराव म्हणाले. "चिवडा? आमच्याकडे कोण खातंय! दुपारी ही प्रेमलाताईंकडे निघाली, तिच्याबरोबर दिला. तुमच्याच रावपुऱ्यात, मागच्या गल्लीत!"

म्हणजे खोकं घरामागेच! नंदूला रडू यायचंच बाकी होतं.

"प्रेमलाकाकूंना खरं सांगूया," हेरंब म्हणाला.

"आणि माश्या म्हटल्यावर त्यांनी औषध फवारलं तर?" कांचन तडकली. "रिक्षा खंडेराव मार्केटवरून घ्या, भाई!"

तिथल्या एका दुकानातून तिनं तसंच, पण चिवड्यानं भरलेलं खोकं घेतलं. प्रेमलाकाकूंकडे पाहुणे बसले होते, बशा मांडल्या होत्या आणि काकूंची कात्री दोऱ्याला लागली होती!

"थांबा, काकू!" कांचन ओरडली. "तो चिवडा जुना निघाला! काकांनी ताजा पाठवलाय!"

"अगोबाई! दिनकररावांना किती काळजी लोकांची!"

नंदूनं दात ओठ खात जुनं खोकं छातीशी धरलं. कौतुक कुणाचं होतंय बघा!

संध्याकाळी सुरतेहून परतलेल्या आत्यानं खोक्यातले कोष हळूच काचेच्या बरणीत काढले. एका कोषाला भोक पडलं होतं आणि शेजारी काहीतरी इवलंसं चालत होतं. आत्यानं भिंग स्वतःच्या डोळ्याला लावलं नाही, नंदूच्या हातात दिलं.

"मादीला मागे अंडी घालायची लांब सुई असते. बघ, आहे?"

"नाही! नाहीच आहे!"

"मग तो नर आहे, नंदू," आत्या म्हणाली. "आणि तो सगळ्यांत आधी तू पाहिलास. शाबास रे पोरांनो! तुम्ही नसता तर तो बशीत पडला असता."

पेपर टाकून काका पुढे घुसले. "बघू, बघू, मला बघू दे!"

"काका," कांचन वैतागून म्हणाली, "रांगेत या!"