दारापासून दहा पावलं

लारिसा सावचुकने जुना फोटो टेबलावर ठेवला.

"हे घर कुठे होतं, तेवढं शोधून द्या. आईकडे फार दिवस उरलेले नाहीत."

फोटोत चुना दिलेलं ओंडक्यांचं घर होतं. दारात एक तरुण बाई, कडेवर मुलगी. दोघींचे डोळे उन्हाने बारीक झालेले. दाराच्या दोन्ही अंगांना लायलॅक या फुलझाडाची गुडघाभर रोपं, आणि छपरामागे चर्चचा घुमट.

दार्का मेलनिकने सस्काचेवान प्रांतात तीस वर्षं जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून ती लोकांच्या हरवलेल्या जमिनी, हद्दी आणि क्वचित माणसंही शोधून द्यायची. गाडी चालवायला तिच्या बहिणीचा नवरा वासिल असायचा. आपण डोक्याने सावकाश आहोत हे त्याला ठाऊक होतं, आणि दार्का ते अधूनमधून सांगायचीही.

"कडेवर आहे ती आई, पारास्का," लारिसा म्हणाली. "ती सहा वर्षांची असताना, एकतीसच्या दुष्काळात, आजोबा नाहीसे झाले. प्रोकोप सावचुक. शेजारच्या डिडुखने सांगितलं, 'तो खाणीत कामाला पश्चिमेला गेला, मी त्याला स्टेशनवर पाहिलं.' आजीने त्यालाच जमीन विकली नि पोरींना घेऊन एडमंटनला भावाकडे आली. आई जन्मभर बापाला शिव्या घालत आलीय. आता म्हणते, घर बघून ये."

"त्यांना काय आठवतं?"

"दारापासून समोरच्या विहिरीपर्यंत दहा पावलं. आजोबांची. ती त्यांच्या बुटांवर उभी राहायची, आणि दोघं मिळून मोजायचे."

"कागद काय म्हणतात?"

"एकशे साठ एकर, मधोमध चर्च. घर कुठे, ते कुठेच लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिघं तिथे पोचली. पीक निघून गेलं होतं. चर्चला कुलूप होतं आणि घुमटाचा पत्रा गंजला होता. त्या डिडुखचा मुलगा ओरेस्ट, पन्नाशी ओलांडलेला, वाटच पाहत होता. न विचारता तो त्यांना चर्चच्या उत्तरेला घेऊन गेला आणि एका खड्ड्यापाशी थांबला.

"हेच ते. वडिलांनी दाखवलं होतं."

दार्काने काठीने खड्ड्यात उकरलं. नुसती चिकणमाती. ना राख, ना दगड, ना खापराचा तुकडा.

"आणि विहीर?"

"बुजवली असेल, बाई. कोणाला माहीत?"

"ओरेस्ट, तुमचा जन्म कधीचा?"

"चौतीसचा. मी घर पाहिलेलं नाही. ऐकीव सांगतोय."

वासिलने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "आपली जुनी माणसंही काय एकेक! देवाकडे पाठ करतील, पण घराचं दार सूर्याकडे म्हणजे सूर्याकडेच."

दार्काने त्याच्या हातातला फोटो घेऊन पाहिला. मग म्हणाली, "चल, चर्चच्या पलीकडे जाऊ."

दक्षिणेला नांगरलेल्या रानात पुरुषभर उंचीची लायलॅकची दोन झुडपं उभी होती, मधे हातभर रुंद वाट सोडून. त्यांच्यापुढे थोड्या अंतरावर ओंडक्यांचं कोठार होतं. दार्काने भिंतीच्या खाचेत नख घातलं. नखाला चुना लागला.

"ही झुडपं कोणी लावली?"

"पाखरांनी बी टाकलं असेल," ओरेस्ट म्हणाला.

"मग नांगर त्यांना वळसा का घालतो?"

"वडिलांची सवय. तीच पुढे चालू."

मग ओरेस्टच्या घरात त्याची थोरली बहीण स्टेफा हिने बीटाचं सार वाढलं. दार्काने तिला सहज विचारलं, "पाण्याचं कसं करता हो इथे?"

"आता नळ आहे. लहानपणी पार तळ्यावरून बादल्या आणायच्या. खांदे गेले माझे. एकदा मी वडलांना म्हटलं, कोठाराशी जमीन ओलसर असते, तिथे विहीर खणा ना. त्यांनी कानफटात ठेवून दिली. आयुष्यात तेवढी एकदाच."

"आणि धान्य त्याच कोठारात?"

"छे, कधीच नाही. उंदीर होतात म्हणायचे. पण छप्पर मात्र तीनदा नवं घातलं. याने तर गेल्याच वर्षी."

ओरेस्टने चमचा खाली ठेवला.

"लारिसा," दार्का म्हणाली, "फोटोतल्या दोघींच्या तोंडावर ऊन आहे. दार दक्षिणेला, चर्च घराच्या पाठीशी. म्हणजे घर चर्चच्या दक्षिणेला होतं. यांनी आपल्याला उत्तरेला नेलं. चुकूनही असेल म्हणा. पण त्या कोठाराला चुना दिलेला आहे. गव्हासाठी भिंतीला चुना कोण देतं? तेच तुझं घर."

"पण लायलॅक तर मागे आहेत," वासिल म्हणाला. "फोटोत दाराशी आहेत."

"बरोबर. झाडं हलली नाहीत, घर हललं. थंडीत जमीन गोठली की घोडे जुंपून आख्खं घर ओढता येतं. झुडपांपासून त्याच्या पलीकडल्या, दक्षिणेच्या दारापर्यंत पावलं मोजली मी. चौदा. म्हणजे दहाव्या पावलावर जे होतं, ते आज त्या घराच्या फळ्यांखाली आहे." ती ओरेस्टकडे वळली. "तहानलेल्या घरात कोणी विहिरीवर कोठार आणून ठेवत नाही. पोरीने विहीर मागितली म्हणून तिला मारत नाही. रिकाम्या खोलीवर तीनदा छप्पर घालत नाही. आत काय आहे, ओरेस्ट?"

शेगडीवरचं सार उकळत होतं. स्टेफाने उठून गॅस बंद केला आणि ती भावाकडे पाठ करून तिथेच उभी राहिली.

"आमची गुरं मरत होती," ओरेस्ट म्हणाला. "प्रोकोपने विहिरीला कुलूप घातलं होतं. वडील पाणी मागायला गेले. शब्दाने शब्द वाढला, हातात फावडं होतं. त्याला विहिरीतच टाकून पुन्हा कुलूप घातलं, आणि जमीन घेतल्यावर दगड भरून घर वर ओढलं. अडुसष्ट साली, मरताना सांगितलं त्यांनी मला. म्हणाले, कोठार पडू देऊ नकोस."

"आणि तू नाही पडू दिलंस," स्टेफा मागे न वळता म्हणाली.

पोलिसांना फळ्या उचलून दगड उपसायला तीन दिवस लागले. अठरा फुटांवर हाडं मिळाली. कवटीला मागून खोक पडलेली होती.

लारिसाने स्टेफाच्याच स्वयंपाकघरातून इस्पितळात फोन लावला. वासिल दाराशी उभा होता. रिसीव्हरमधला म्हातारा आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता.

"आई, घर सापडलं."

"आणि तो? त्याचं काही कळलं?"

"ते कुठेच गेले नव्हते गं. घरीच होते."



"माझ्या आईने मरताना सांगितलं होतं," पारास्का म्हणाली, "त्याच्या नावाने एक प्रार्थना करून घे. पाद्री दारात आला होता. मीच परत पाठवला त्याला."

 लारिसाने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. वासिलने डोक्यावरची टोपी काढली, आणि आवाज न करता दार लोटून तो बाहेर गेला.